अंशकालीन व्यवस्थापन शिक्षण

नोकरी किंवा व्यवसाय न सोडता, कामाच्या वेळेबाहेर म्हणजे संध्याकाळी, सुटीच्या दिवशी अथवा दूरशिक्षणाच्या मार्गाने घेतलेले व्यवस्थापनशास्त्राचे पदवी वा पदविका शिक्षण. व्यवसाय प्रशासनातील पदव्युत्तर पदवी (एम्. बी. ए.) ही या शिक्षणाची सर्वांत परिचित पदवी होय. अंशकालीन अभ्यासक्रम हा पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा संक्षेप किंवा त्याची दुय्यम शाखा होय, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास मात्र या समजाला पुष्टी देत नाही. अमेरिकेतील काही महत्त्वाची व्यवसाय-विद्यालये सायंकालीन वर्गांच्या रूपानेच जन्मास आली. भारतातही व्यवस्थापनाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्यांचाच भरणा होता. पूर्णवेळ, निवासी अभ्यासक्रमाला प्रतिष्ठा मिळाली ती नंतर. त्यामुळे वेतन सोडणे ज्यांना परवडत नाही, त्यांना हेच ज्ञान व हीच पदवी त्याच योग्यतेने मिळावी की नाही, हा प्रश्न या शिक्षणाच्या इतिहासात प्रारंभापासून उपस्थित होत आला आहे.

पूर्वपीठिका : दिवसा काम व रात्री अभ्यास ही प्रथा व्यवस्थापनशास्त्राहून जुनी आहे. औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमधील कारागिरांना विज्ञानाचे व यंत्रविद्येचे ज्ञान मिळावे, म्हणून जॉर्ज बर्कबेक याच्या पुढाकाराने १८२३ मध्ये लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तीच पुढे बर्कबेक कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आली व १९२० मध्ये लंडन विद्यापीठाचा घटक बनली. सायंकालीन अध्यापन हे तिचे वैशिष्ट्य राहिले. महाराष्ट्रात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालविली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्त्यांत रात्रशाळा व वाचनालये उघडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून तेथील वर्ग सकाळी ठेवण्यात आले. या प्रयत्नांची उद्दिष्टे वेगवेगळी असली, तरी उपजीविकेसाठी काम करावे लागते एवढ्याच कारणाने कोणी शिक्षणास मुकू नये, हे तत्त्व त्या सर्वांमागे होते. अंशकालीन व्यवस्थापन शिक्षणाने हेच तत्त्व कारकून, हिशेबनीस, अभियंते व पर्यवेक्षक या वर्गाला लागू केले.

अमेरिकेतील प्रारंभ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लोहमार्ग, पोलाद, खनिज तेल इ. क्षेत्रांत प्रचंड आकाराच्या कंपन्या उभ्या राहिल्या. अशा कंपन्यांचा कारभार मालकाच्या वैयक्तिक देखरेखीखाली चालणे अशक्य झाले आणि पगारी व्यवस्थापक, हिशेबतज्ज्ञ व लेखापरीक्षक यांची गरज वाढली. जोसेफ व्हॉर्टन या उद्योगपतीच्या देणगीतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ मध्ये व्हॉर्टन स्कूल स्थापन झाले. परंतु ते पदवीपूर्व शिक्षण घेणाऱ्या तरुणांसाठी होते. सायंकालीन शिक्षणास खरी गती मिळाली ती हिशेबनिसांच्या व्यवसायामुळे. न्यूयॉर्क राज्याने १८९६ मध्ये कायदा करून लोक-हिशेबनिसांसाठी परीक्षा व प्रमाणपत्र यांची व्यवस्था केली. या परीक्षेस बसू इच्छिणारे उमेदवार दिवसभर पेढ्यांमध्ये काम करीत असत. त्यामुळे दिवसा भरणाऱ्या महाविद्यालयाचा त्यांना उपयोग नव्हता. या गरजेतून न्यूयॉर्क विद्यापीठाने १९०० मध्ये वाणिज्य, हिशेब व वित्त या विषयांचे विद्यालय सुरू केले आणि त्याचे वर्ग संध्याकाळी भरविले. परीक्षक मंडळाचा पहिला अध्यक्ष, प्रसिद्ध हिशेबतज्ज्ञ चार्ल्स वॉल्डो हॅस्किन्स हाच या विद्यालयाचा पहिला अधिष्ठाता होता. शिकविणारे व शिकणारे दोघेही दिवसा व्यवसायात असणे, हे या विद्यालयाचे वैशिष्ट्य होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानेही १९०४ मध्ये व्हॉर्टन स्कूलचे सायंकालीन वर्ग उघडले.

या इतिहासात १९०८ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी एकाच वेळी दोन भिन्न आदर्श पुढे आले. हार्व्हर्ड विद्यापीठाने एडविन गे या अर्थेतिहासकाराच्या नेतृत्वाखाली व्यवसाय प्रशासनाचे पदव्युत्तर विद्यालय सुरू केले आणि दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासानंतर एम्. बी. ए. ही पदवी देण्याचे ठरविले. डार्टमथ येथील टक स्कूलने १९०० मध्येच पदव्युत्तर शिक्षणास आरंभ केला होता, परंतु एम्. बी. ए. हे नाव हार्व्हर्डमुळे रूढ झाले. त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने शिकागोत आपले वाणिज्य विद्यालय काढले. स्थानिक व्यापारी व हिशेबतज्ज्ञ यांच्या संघटनांचा त्याला पाठिंबा होता आणि त्याचे वर्ग नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी शहराच्या मध्यभागी भरत. हार्व्हर्डचा विद्यार्थी काही काळ अर्थार्जनापासून दूर राहून अभ्यास करी, तर शिकागोचा विद्यार्थी कामावरून थेट वर्गात येई. पुढील शंभर वर्षांतील बहुतेक अभ्यासक्रम या दोहोंपैकी एका आदर्शाचे अथवा दोहोंच्या तडजोडीचे रूप होत.

न्यूयॉर्क विद्यापीठाने १९१६ मध्ये वॉल स्ट्रीट परिसरात पदव्युत्तर शिक्षणाची सोय केली. बँका, विमा कंपन्या व रोखे बाजार यांतील कर्मचारी कचेरी सुटल्यावर पायी वर्गास येऊ शकत. या विद्यालयात पुढील काळात नामवंत अध्यापक लाभले. व्यवस्थापनविषयक लेखक पीटर ड्रकर यांनी तेथे १९५० ते १९७१ पर्यंत अध्यापन केले, तर गुणवत्ता नियंत्रणाचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग हे १९४६ पासून १९९३ पर्यंत तेथे शिकवीत होते. सायंकालीन वर्गांना चांगले अध्यापक मिळत नाहीत, या आक्षेपाला हे उदाहरण पुरेसे उत्तर देते.

अधिकाऱ्यांसाठी अभ्यासक्रम : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्पादन झपाट्याने वाढले आणि अनुभवी पण औपचारिक व्यवस्थापन शिक्षण नसलेल्या अधिकाऱ्यांवर मोठ्या जबाबदाऱ्या येऊन पडल्या. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये अशा अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र एम्. बी. ए. अभ्यासक्रम सुरू केला. ‘एक्झिक्युटिव्ह एम्. बी. ए.’ या प्रकाराचा हा पहिला अवतार मानतात. यात सर्व विद्यार्थ्यांचा एकच गट असे व तो प्रारंभापासून अखेरपर्यंत एकत्र शिके. युद्धानंतर माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च शासनाने उचलावा, असा कायदा अमेरिकेत १९४४ मध्ये झाला. त्याचा लाभ घेऊन अनेकांनी नोकरी करता करता पदव्या मिळविल्या.

येथून अंशकालीन शिक्षणाचे दोन प्रवाह झाले. एकात कनिष्ठ व मध्यम श्रेणीतील कर्मचारी स्वतःच्या खर्चाने, सवडीने एकेक विषय पुरा करीत पदवीपर्यंत पोहोचत. दुसऱ्यात कंपनीने निवडून पाठविलेले वरिष्ठ अधिकारी ठराविक मुदतीत, बहुधा कंपनीच्या खर्चाने, अभ्यास पूर्ण करीत. पदवीचे नाव सारखेच असले, तरी पहिल्या प्रवाहातील विद्यार्थी शिक्षणाद्वारे पुढे जाऊ पाहत होता, तर दुसऱ्यातील विद्यार्थी आधीच पुढे गेलेला होता. अमेरिकेत १९७८ च्या करविषयक कायद्याने मालकाने कर्मचाऱ्याच्या शिक्षणावर केलेला खर्च विशिष्ट अटींवर कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वगळला. या सवलतीची वार्षिक मर्यादा १९८६ मध्ये ५,२५० डॉलर ठरविण्यात आली. त्यामुळे पहिल्या प्रवाहातील विद्यार्थ्यांनाही कंपनीकडून शुल्काचा परतावा मिळणे सुकर झाले.

पूर्णवेळ आदर्शाचे वर्चस्व : अमेरिकेतील व्यवसाय शिक्षणाची पाहणी करणारे दोन अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी रॉबर्ट गॉर्डन व जेम्स हॉवेल यांच्या अहवालास फोर्ड प्रतिष्ठानचे, तर फ्रँक पिअर्सन यांच्या अहवालास कार्नेगी प्रतिष्ठानचे साहाय्य होते. दोन्ही अहवालांनी व्यवसाय-विद्यालयांतील अध्यापनाच्या व विद्यार्थ्यांच्या सामान्य दर्जावर कठोर टीका केली आणि गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र व वर्तनविज्ञाने यांचा भक्कम पाया घालण्याची शिफारस केली. संशोधन करणारा अध्यापकवर्ग हा चांगल्या विद्यालयाचा निकष बनला. या सुधारणा आवश्यक होत्या व त्यांमुळे व्यवस्थापन हा विद्यापीठीय अभ्यासविषय म्हणून स्थिर झाला. तथापि व्यवसायात राहून शिकविणाऱ्या अध्यापकांचे महत्त्व त्यामुळे कमी झाले आणि सायंकालीन वर्ग हे विद्यापीठाच्या उत्पन्नाचे साधन, तर पूर्णवेळ वर्ग हे त्याच्या कीर्तीचे साधन अशी विभागणी अनेक ठिकाणी झाली. ब्रिटनमध्ये १९६३ च्या फ्रँक्स अहवालानंतर १९६४–६५ मध्ये लंडन व मँचेस्टर येथे व्यवसाय-विद्यालये स्थापन झाली. नोकरदार विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तेथे मुक्त विद्यापीठाचे कार्य अधिक दूरगामी ठरले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने १९८९ मध्ये आपला एम्. बी. ए. अभ्यासक्रम सुरू केला.

भारतातील विकास : स्वातंत्र्यपूर्व काळात भारतातील मोठे उद्योग प्रामुख्याने व्यवस्थापन अभिकरण पद्धतीने चालत. वरिष्ठ जागा कुटुंबातील, ज्ञातीतील किंवा परदेशातून आलेल्या व्यक्तींकडे असत. मुंबईत १९१३ मध्ये स्थापन झालेल्या सिडनॅम महाविद्यालयासारख्या संस्थांतून वाणिज्याचे पदवीधर बाहेर पडत. पण त्यांच्या वाट्यास बहुधा हिशेबाची व बँकेची कामे येत. नियोजनाच्या काळात, विशेषतः अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६–६१), सार्वजनिक व खाजगी क्षेत्रांत व्यवस्थापकांची मोठी उणीव भासू लागली. ती ताबडतोब भरून काढावयाची, तर आधीच काम करीत असलेल्या अभियंत्यांना व अधिकाऱ्यांनाच शिकविणे भाग होते. व्यवस्थापन अभिकरण पद्धती कायद्याने १९७० मध्ये संपुष्टात आल्यावर व्यावसायिक व्यवस्थापकांची मागणी आणखी वाढली.

जमशेटपूर येथे फादर क्विन एन्‌राइट या येशूसंघीय धर्मगुरूने १९४९ मध्ये झेव्हिअर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट स्थापन केली. कामगार संघटनांचे कार्यकर्ते आणि कारखान्यातील अधिकारी यांना औद्योगिक संबंधांचे शिक्षण देणे, हे तिचे आरंभीचे कार्य होते. पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेल्या गावात असे शिक्षण कामाच्या पाळ्या सांभाळूनच देता येणे शक्य होते. कलकत्त्यात १९५३ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सोशल वेल्फेअर अँड बिझिनेस मॅनेजमेंट ही संस्था निघाली. भारतातील पहिली व्यवस्थापन शिक्षण संस्था म्हणून तिचा उल्लेख केला जातो. समाजकल्याण व व्यवसाय-व्यवस्थापन या दोन विषयांची तिच्या नावातील जोडी त्या काळाची निदर्शक आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग घेण्याची परंपरा या संस्थेने दीर्घकाळ चालविली. दिल्ली विद्यापीठात १९५४ मध्ये व्यवस्थापन शिक्षणास प्रारंभ झाला. मात्र तेथील पूर्णवेळ एम्. बी. ए. अभ्यासक्रम १९६७ मध्ये सुरू झाला. या विद्यापीठाचा सायंकालीन एम्. बी. ए. अभ्यासक्रम राजधानीतील शासकीय व खाजगी अधिकाऱ्यांत पुढेही लोकप्रिय राहिला. आंध्र विद्यापीठाने १९५७ मध्ये पूर्णवेळ एम्. बी. ए. सुरू केले, हा त्या काळातील अपवाद होय.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स शाखेतील अधिष्ठाता जॉर्ज रॉबिन्स यांनी फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५९ मध्ये भारतातील परिस्थितीची पाहणी करून राष्ट्रीय पातळीवरील व्यवस्थापन संस्थेची शिफारस केली. त्यानुसार १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. कलकत्त्याच्या संस्थेस मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेचे, तर अहमदाबादच्या संस्थेस हार्व्हर्डचे सहकार्य लाभले. दोन्हीकडील दोन वर्षांचे पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रम १९६४ मध्ये सुरू झाले. कठीण प्रवेश परीक्षा, प्रकरण-अभ्यासाची अध्यापनपद्धती, वसतिगृहातील सामूहिक अभ्यास आणि शेवटच्या वर्षी कंपन्यांनी संस्थेत येऊन घेतलेल्या मुलाखती यांमुळे या अभ्यासक्रमांना असाधारण प्रतिष्ठा मिळाली. भारतीयांच्या मनात व्यवस्थापन शिक्षण म्हणजे हाच नमुना, असे समीकरण दृढ झाले आणि त्याआधीची सायंकालीन परंपरा मागे पडली. अनुभवी अधिकाऱ्याऐवजी नुकताच पदवीधर झालेला तरुण हा व्यवस्थापन शिक्षणाचा प्रातिनिधिक विद्यार्थी बनला.

महाराष्ट्र व गोवा : रॉबिन्स अहवालात प्रस्तावित राष्ट्रीय संस्थेसाठी मुंबईचा विचार सुचविलेला होता, परंतु ती योजना मुंबईत साकार झाली नाही. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन अध्ययन संस्था स्थापन केली. पूर्णवेळ अभ्यासक्रमाबरोबरच विपणन, वित्त, मनुष्यबळ विकास व माहिती व्यवस्थापन या विषयांचे तीन वर्षांचे अंशकालीन पदव्युत्तर अभ्यासक्रम ही या संस्थेची ओळख बनली. तिचे स्थान चर्चगेट येथे आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. फोर्ट व नरिमन पॉइंट येथील बँका, विमा कंपन्या व व्यापारी कचेऱ्या तेथून जवळ असून, वर्ग सुटल्यावर पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी सुरुवातीच्या स्थानकातच मिळते. रात्री बोरिवली वा विरारकडे परतणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय अभ्यासक्रमाच्या दर्जाइतकीच मोलाची असते. न्यूयॉर्कचे वॉल स्ट्रीट आणि शिकागोचा मध्यभाग यांच्याप्रमाणे मुंबईतही सायंकालीन शिक्षण कचेऱ्यांच्या आणि लोहमार्गाच्या आधाराने वाढले. पुढे उद्योगधंदे व कचेऱ्या उपनगरांत पसरल्या, तसे हे वर्गही विलेपार्ले, माटुंगा आदी भागांतील संस्थांत सुरू झाले.

पुण्यात या शिक्षणाचे स्वरूप काहीसे वेगळे होते. पिंपरी-चिंचवड परिसरात १९५० नंतर औषधे, यंत्रसामग्री व वाहने यांचे कारखाने उभे राहिले. तेथील पदविकाधारक व पदवीधर अभियंते काही वर्षांच्या अनुभवानंतर पर्यवेक्षक होत आणि मग माणसे, हिशेब व साहित्यपुरवठा हाताळण्याचे ज्ञान त्यांना अपुरे पडे. पुणे विद्यापीठाची व्यवसाय-व्यवस्थापन पदविका, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला ‘डी. बी. एम्.’, या वर्गात विशेष प्रचलित होती. कारखान्याच्या बसमधून उतरून थेट वर्गाला जाणारे विद्यार्थी हे शहरातील नेहमीचे दृश्य होते. या पदविकेने फारसे कोणी उच्चाधिकारी झाले नसतील. परंतु यंत्रशाळेतून व्यवस्थापनाकडे जाणारा मार्ग तिने मध्यमवर्गीय व निम्न-मध्यमवर्गीय कर्मचाऱ्यांना खुला केला.

गोव्यात फादर रोम्युआल्ड डिसोझा यांनी १९९३ मध्ये रायबंदर येथे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्थापन केली. त्यांनी यापूर्वी जमशेटपूरच्या झेव्हिअर संस्थेचे संचालकपद भूषविले होते. पूर्णवेळ अभ्यासक्रमाबरोबर स्थानिक अधिकाऱ्यांसाठी अंशकालीन अभ्यासक्रमही या संस्थेने चालविला. त्यामुळे पणजी व आसपासच्या भागांत काम करणाऱ्यांना मुंबई वा बंगलोर गाठण्याची गरज उरली नाही.

दूरशिक्षण व नवी माध्यमे : सायंकालीन वर्गाचा लाभ मुख्यतः मोठ्या शहरांपुरता मर्यादित होता. जिल्ह्याच्या ठिकाणी बदली झालेला बँक अधिकारी किंवा साखर कारखान्यातील हिशेबनीस त्यापासून वंचित राही. ही उणीव दूरशिक्षणाने अंशतः भरून काढली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. १९८७ मध्ये त्याने ज्या दोन अभ्यासक्रमांनी कार्यास आरंभ केला, त्यांत व्यवस्थापन पदविकेचा समावेश होता. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नासिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने हे कार्य ग्रामीण भागापर्यंत नेले. संगणक उद्योगाची वाढ झाल्यावर बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने १९९८ मध्ये त्या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी नोकरी सांभाळून करावयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. ज्या संस्थांनी पूर्णवेळ निवासी नमुना रूढ केला होता, त्यांच्यापैकीच एकीने नोकरदारांसाठी दार उघडणे, हा बदल लक्षणीय होता.

एकविसाव्या शतकात आंतरजालावरून अध्यापन शक्य झाले. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये असा एम्. बी. ए. सुरू केला आणि २०१९ मध्ये आपले प्रत्यक्ष वर्गांतील पूर्णवेळ व अंशकालीन दोन्ही एम्. बी. ए. अभ्यासक्रम बंद करण्याचे जाहीर केले. त्यापूर्वी वेक फॉरेस्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये व आयोवा विद्यापीठाने २०१७ मध्ये पूर्णवेळ अभ्यासक्रम थांबवून नोकरदारांच्या अभ्यासक्रमांवर लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय घेतला होता. दोन वर्षांचे वेतन सोडण्यास विद्यार्थी पूर्वीइतके तयार नव्हते, हे यामागील प्रमुख कारण होते. २०२० मधील कोविड महासाथीत सर्वत्र वर्ग दूरस्थ झाल्याने ही प्रवृत्ती बळावली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व आंतरजालीय पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष असल्याचे स्पष्ट केले.

स्वरूप व अध्यापन : पूर्णवेळ अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा, तर अंशकालीन अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. हिशेब, वित्त, विपणन, उत्पादन, मनुष्यबळ, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व व्यवसायविषयक कायदे हे विषय दोहोंतही असतात. वर्ग आठवड्यातील काही संध्याकाळी अथवा शनिवार-रविवारी भरतात. प्रवेशासाठी पदवी व प्रवेश परीक्षा यांखेरीज काही वर्षांचा अनुभव आणि पुष्कळदा मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. कंपनीने शुल्क भरल्यास ठराविक काळ नोकरी न सोडण्याचे बंधपत्रही लिहून द्यावे लागते.

अशा वर्गाचे सर्वांत मोठे सामर्थ्य विद्यार्थ्यांच्या अनुभवात असते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला संपाची, थकलेल्या येण्याची किंवा गोदामात साठलेल्या मालाची समस्या छापील प्रकरणातून समजावून घ्यावी लागते. सायंकालीन विद्यार्थ्याने ती त्याच दिवशी पाहिलेली असते. एकाच बाकावर बँकेचा अधिकारी, औषध कंपनीचा विक्रेता आणि कापड गिरणीतील अभियंता बसत असल्यास चर्चेला सहज व्यापकता येते. शिकलेले दुसऱ्या दिवशी वापरून पाहता येते व ते कोठे लागू पडत नाही, हेही कळते. याउलट थकवा, वाचनास अपुरा वेळ, फिरती व बदल्या यांमुळे अभ्यास खंडित होतो, ग्रंथालयाचा उपयोग कमी होतो आणि परीक्षेपुरता अभ्यास करण्याकडे कल वाढतो. अभ्यासक्रम मध्येच सोडण्याचा धोका येथे कायम असतो.

मूल्यमापन : या शिक्षणाविषयीचे वाद मुख्यतः तीन प्रश्नांभोवती फिरतात. पहिला प्रश्न समानतेचा होय. पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या पदवीचे मोल संस्थेत येणाऱ्या कंपन्या ठरवितात. अंशकालीन विद्यार्थ्याला अशा मुलाखतींचा लाभ सहसा मिळत नाही. त्याच्या पदवीची दखल घ्यावयाची की नाही, हे त्याचा मालक ठरवितो. त्यामुळे अभ्यास सारखा असूनही फळ सारखे मिळेलच असे नाही. दर्जाबाबतची शंका सर्वस्वी निराधार नाही. मागणी वाढली, तेव्हा पुरेसे अध्यापक व ग्रंथालय नसतानाही वर्ग काढणाऱ्या संस्था निघाल्या आणि त्यांनी संपूर्ण प्रकाराविषयी अविश्वास निर्माण केला. तथापि हा दोष संस्थांच्या नियंत्रणाचा आहे. संध्याकाळी शिकण्याचा नाही.

दुसरा प्रश्न स्वातंत्र्याचा आहे. ना हरकत प्रमाणपत्र, बदलीचा अधिकार व बंधपत्र यांमुळे कर्मचाऱ्याचे शिक्षण मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहते. कंपन्या आपली माणसे पाठवितात तेव्हा बहुधा आधीच पसंतीस उतरलेल्यांची निवड होते. ज्याला शिक्षणाची सर्वाधिक गरज आहे तो मागे राहण्याचा संभव असतो.

तिसरा प्रश्न वेळेच्या किंमतीचा आहे. पूर्णवेळ विद्यार्थी वेतन गमावतो, हे हिशेबात दिसते. अंशकालीन विद्यार्थी विश्रांती व कुटुंबाचा सहवास गमावतो; त्याची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही. तीन वर्षांच्या संध्याकाळी घरातील मुले, वृद्ध आणि स्वयंपाकपाणी यांचा भार दुसरे कोणी उचलते, म्हणून हे शिक्षण शक्य होते. नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रीला घरात असे दुसरे माणूस मिळणे अधिक कठीण असल्याने, सर्वांसाठी खुला असलेला हा मार्ग तिच्यासाठी व्यवहारात अरुंद राहिला. दूरस्थ शिक्षणाने प्रवासाचा वेळ वाचविला. पण घरातील कामाची विभागणी त्यामुळे आपोआप बदललेली नाही.

या मर्यादा लक्षात घेऊनही अंशकालीन व्यवस्थापन शिक्षणाचे ऐतिहासिक महत्त्व कमी होत नाही. व्यवस्थापन हे कुटुंबातून वा ज्ञातीतून मिळणारे वतन नसून शिकता येणारी विद्या आहे, हा विचार व्यवस्थापन शिक्षणाच्या सर्व प्रकारांनी मांडला. ही विद्या कारकुनाच्या व पर्यवेक्षकाच्या आटोक्यात आणण्याचे काम मात्र प्रामुख्याने सायंकालीन वर्गांनी केले. शिक्षण आयुष्याच्या आरंभी एकदाच घ्यावयाचे नसून कामाबरोबर चालू ठेवावयाचे आहे, ही कल्पना आता सर्वमान्य होत आहे. वाजवी शुल्क, पदवीची निःसंदिग्ध समकक्षता, अध्ययनासाठी भरपगारी रजा आणि मालकाच्या मर्जीपासून मुक्त असा प्रवेश यांची जोड मिळाल्याशिवाय ही कल्पना सामान्य नोकरदाराच्या बाबतीत पूर्णपणे प्रत्यक्षात येणे कठीण आहे.